शरदांत येणाऱ्या किशोर-कादंबऱ्या

कादंबरी हा शब्द कानीं पडतांच कित्येक पालकांच्या कपाळास अजूनहि आठ्या पडतात. बाणभट्टाच्या नायिकेचें नांव उचलून मराठीनें तें साऱ्या एका वाङ्मयप्रकारास देऊन टाकलें. परंतु त्या नायिकेचा लौकिक कांहीं सर्वांस मिळाला नाहीं. परीक्षेच्या दिवसांत मुलगा क्रमिक पुस्तकाच्या आड दुसरें कांहीं वाचीत असेल, तर तें कादंबरीच असावयाचें, असें घरोघर धरून चालतात, आणि बहुधा तें खरेंहि असतें. प्रस्तुत लेखाचा हेतु मुलांची वकिली करण्याचा नाहीं. तसाच पालकांच्या वतीनें कादंबरीवर खटला भरण्याचाहि नाहीं. दरवर्षीं सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत इंग्लंड व अमेरिका या देशांत बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीं लिहिलेल्या नव्या कादंबऱ्यांची मोठी लाट उसळते. थोड्याच दिवसांत ती आपल्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांपर्यंत येऊन पोंचते, आणि मुलें आईबापांपाशीं हट्ट धरूं लागतात. ही लाट याच ऋतूंत कां येते, या वयाला वेगळी कादंबरी लागते हा विचार निघाला कोठून, आणि जें पुस्तक अद्याप हातीं आलें नाहीं त्याची वाट कशी पाहावी, एवढें समजलें तर त्या हट्टाला उत्तर देणें दोन्ही पक्षांना सोपें जाईल.

प्रथम ऋतूविषयीं. इंग्रजांचा ऑटम व आपला शरद हे पंचांगांत जवळजवळ एकत्र येतात. पण त्यांचें रूप अगदीं निराळें. आपल्याकडे आश्विनांत पाऊस ओसरून आकाश निवळतें आणि ऊन पुन्हां एकदां चटके देऊं लागतें. तिकडे झाडांचीं पानें पिवळीं-तांबडीं होऊन गळूं लागतात, दिवस झपाट्यानें लहान होत जातो आणि नोव्हेंबरांत तर शाळा सुटून मुलें घरीं पोंचतात न पोंचतात तोंच दिवे लावावे लागतात. लांब रात्र, लावलेलें दार व पेटलेली शेगडी हीं वाचनास अनुकूल खरींच. तथापि प्रकाशक कांहीं पानगळीच्या शोभेला भुलून पुस्तकें काढीत नाहींत. त्यांची दृष्टि पंचवीस डिसेंबरवर असते. नाताळांत आप्तेष्टांस पुस्तक भेट देण्याची चाल तिकडे मुरलेली असल्यामुळें, वर्षाच्या विक्रीचा मोठा भाग या शेवटल्या महिन्यांत पदरांत पडतो. म्हणून ज्या पुस्तकांवर प्रकाशकाची मदार, तीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत बाहेर येतात. ब्रिटनमध्यें नवीं पुस्तकें बहुधा गुरुवारीं व अमेरिकेंत मंगळवारीं प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. आणि ऑक्टोबरच्या आरंभींचा जो एक गुरुवार शेंकडों नव्या पुस्तकांनीं गजबजलेला असतो, त्याला तेथील व्यापाऱ्यांनीं 'सुपर थर्सडे' असें नांवच देऊन टाकलें आहे. अमेरिकेंत १९१९ सालीं मुलांच्या पुस्तकांचा सप्ताह सुरू झाला तो नोव्हेंबरांतच. तो सुरू करण्यांत पुढाकार घेणाऱ्यांपैकीं एक फ्रेडरिक मेल्चर यांनींच पुढें न्यूबेरी पदकाची सूचना केली व तें १९२२ पासून देण्यांत येऊं लागलें. सण आणि वाचन यांची ही सांगड महाराष्ट्रास नवी नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हांपासून फराळाच्या ताटाशेजारीं अंक असणें हें मराठी घराचें लक्षण होऊन बसलें. फरक एवढाच कीं, तिकडे सणाला पुस्तक येतें, इकडे अंक येतो.

आतां या वयाच्या कादंबरीकडे वळूं. ती व्यापारी मंडळींनीं काढलेली युक्ति आहे, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत थोडें वेगळें आहे. प्रकाशकानें मागणी केली असेल, लेखकानें पैशासाठीं लेखणी उचलली असेल. परंतु ज्या पुस्तकांमुळें हा प्रकार उभा राहिला, त्यांतील प्रत्येकाच्या पाठीमागें वाट पाहत असलेलें एखादें मूल दिसतें, आणि पुस्तकाला वळण लावणारें तेंच असतें.

बॉस्टन शहरीं रॉबर्ट्स ब्रदर्स ही प्रकाशनसंस्था होती. तिचे टॉमस नाइल्स यांनीं लुइसा मे अल्कॉट या लेखिकेस मुलींसाठीं एक पुस्तक लिहा, असें सुचविलें. लुइसाबाई तेव्हां पस्तिशींत होत्या. अमेरिकेच्या यादवी युद्धांत त्यांनीं इस्पितळांत शुश्रूषेचें काम केलें होतें, आणि घरचा संसार त्यांच्या लेखणीवर चालत असे. मुलींसाठीं लिहिण्याची त्यांस मुळींच हौस नव्हती. आपल्या बहिणींखेरीज आपणांस मुली फारशा ठाऊकच नाहींत, असें त्यांचें म्हणणें. अखेर १८६८ च्या मे महिन्यांत त्या लिहावयास बसल्या आणि ज्या मुली ठाऊक होत्या त्यांच्याविषयींच त्यांनीं लिहिलें. थोरली ॲना ती मेग झाली, लिझी ती बेथ, धाकटी मे ती एमी, आणि स्वतः लेखिका ती फटकळ, उंच, शाईनें बोटें माखलेली जो. पहिलीं प्रकरणें वाचून नाइल्स यांना तीं रुक्ष वाटलीं; लेखिकेलाहि तसेंच वाटलें. दोघां जाणत्यांचा निकाल असा प्रतिकूल झाल्यावर हस्तलिखित फळीवर जाऊन पडावयाचें. परंतु नाइल्स यांनीं एक शहाणपणा केला. त्यांनीं तें आपल्या पुतणीला व आणखी कांहीं मुलींना वाचावयास दिलें. त्यांनीं एका तोंडानें पुस्तक वाखाणलें, आणि ३० सप्टेंबर १८६८ रोजीं 'लिट्ल् विमेन' या कादंबरीचा पहिला भाग बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या दोन हजार प्रती हां हां म्हणतां खपल्या.

यापुढची हकीकत आमच्या विद्यार्थिनींस विशेष रुचेल. पहिला भाग संपतो तेव्हां चारी बहिणी लहानच असतात. त्यांचें पुढें काय झालें, हें विचारणारीं मुलींचीं पत्रें लेखिकेकडे येऊं लागलीं, आणि बहुतेकींची विचारणा एकच : कोणाचें लग्न कोणाशीं होणार? जो हिनें शेजारच्या लॉरीशीं लग्न करावें, असा बहुतेकींचा आग्रह. लुइसाबाईंस याचा राग आला. विवाह हेंच जणूं बाईच्या जन्माचें सार्थक, असें मुलींनीं मानावें हें त्यांना पटत नव्हतें. त्या स्वतः अविवाहित राहिल्या होत्या. नोव्हेंबरांत त्यांनीं दुसरा भाग लिहावयास घेतला व तो १८६९ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाला. त्यांत जो हिचें लग्न होतें, पण लॉरीशीं नव्हे. तिला एक प्रौढ, गरीब, जर्मन प्राध्यापक मिळतो. वाचकांची निराशा झाली, तरी पुस्तक वाचणें कोणी सोडलें नाहीं, आणि कोणाचें बरोबर यावरचा वाद आज दीडशें वर्षांनंतरहि चालू आहे. वाट पाहणाऱ्याला नेमकें मागितलेलें तेंच आणून दिलें असतें, तर हा वाद पहिल्या वर्षींच संपला असता.

मुलींसाठीं असें पुस्तक झालें. मुलांसाठीं झालें तें स्कॉटलंडांत. १८८१ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस रॉबर्ट लुइस स्टीव्हन्सन हे ब्रेमार गांवीं राहत होते. पाऊस थांबेना, प्रकृति नाजूक, बाहेर पडणें अशक्य. घरांत तेरा वर्षांचा सावत्र मुलगा लॉइड होता. त्याच्या करमणुकीसाठीं रंगपेटी घेऊन बसले असतां एका काल्पनिक बेटाचा नकाशा तयार झाला, आणि नकाशाकडे पाहतां पाहतां त्यांतील झाडींतून माणसें डोकावूं लागलीं. रोज एक प्रकरण लिहावें आणि तें घरांत वाचून दाखवावें असा क्रम सुरू झाला. स्टीव्हन्सन यांचे वृद्ध वडील व्यवसायानें दीपगृहें बांधणारे स्थापत्यशास्त्रज्ञ. तेहि या खेळांत इतके रंगले कीं, मृत खलाशाच्या पेटींत काय काय सांपडावें याची यादी त्यांनींच करून दिली. लॉइडनें एक अट घातली होती : गोष्टींत बायका नकोत. नायकाच्या आईखेरीज ती अट जवळजवळ पाळली गेली आहे. आमच्या शाळेंतील मुलींना ही अट मान्य होणार नाहीं, हें आम्ही जाणतों. गंमत अशी कीं, पंधरा प्रकरणें झाल्यावर लेखकाचा झरा आटला, आणि इकडे १ ऑक्टोबरपासून 'यंग फोक्स' या साप्ताहिकांत कथा टोपणनांवानें छापली जाऊं लागलीहि होती! स्वित्झर्लंडांतील डाव्होस येथें हवा पालटण्यास गेल्यावर लेखणी पुन्हां चालूं लागली व जानेवारीच्या अखेरीस कथा पुरी झाली. साप्ताहिकाच्या वाचकांनीं तिचें फारसें कौतुक केलें नाहीं. १८८३ च्या नोव्हेंबरांत 'ट्रेझर आयलंड' या नांवानें ती पुस्तकरूपानें निघाली, तेव्हां कोठें मोठमोठ्या माणसांनीं रात्र जागून ती वाचली.

मुलींचें पुस्तक वेगळें, मुलांचें वेगळें, आणि दोन्ही लिहिणारे मात्र मोठे, अशी स्थिति पुढें पाऊणशें वर्षें राहिली. मध्यंतरीं ग्रंथपालांनीं एक कळकळीचें काम केलें. बाल्टिमोर येथील सार्वजनिक ग्रंथालयांत मार्गारेट एड्वर्ड्स या बाईंनीं चौदा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठीं निराळी व्यवस्था उभारली. या वयाचीं मुलें बालविभागांत जावयास लाजतात व प्रौढविभागांत गेलीं तर गोंधळतात, हें त्यांनीं हेरलें होतें. ग्रंथालयांत जीं मुलें येत नाहींत त्यांच्याकडे ग्रंथालयानें जावें, म्हणून त्यांनीं घोड्याच्या गाडींत पुस्तकें भरून तीं गल्लोगल्लीं फिरविलीं. १९५७ सालीं अमेरिकन ग्रंथालयसंघानें या वाचकांसाठीं स्वतंत्र शाखा स्थापन केली. तिच्या नांवांतील 'यंग अॅडल्ट' हे दोन शब्द पुढें या कादंबरीसहि चिकटले. 'तरुण प्रौढ' असें त्यांचें शब्दशः मराठी करणें हास्यास्पद होईल. आम्ही 'किशोर-कादंबरी' म्हणून वेळ भागवीत आहों.

फळी तयार होती, पण तिच्यावर ठेवावयास पुस्तकें बेताचींच होतीं. ओक्लाहोमा संस्थानांतील टल्सा शहरीं सूझन हिंटन नांवाची एक पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी याच गोष्टीवर चिडली होती. तिच्या वयाच्या मुलांसाठीं म्हणून जीं पुस्तकें मिळत, त्यांत नाचाला कोण कोणाबरोबर जाणार यापलीकडे प्रश्न नसे. आणि तिच्या शहरांत तर श्रीमंत वस्तींतील व गरीब वस्तींतील मुलांच्या टोळ्या एकमेकांस मारीत होत्या. शाळेंतून घरीं जातांना तिच्या एका मित्राला असाच बेदम मार बसला. घरीं जाऊन तिनें लिहावयास आरंभ केला. चौदा वर्षांचा पोनीबॉय, आईबाप अपघातांत गेलेले, वडील भाऊ कुटुंब सांवरण्यासाठीं आपलें शिक्षण सोडून राबणारा, आणि केवळ केसांच्या ठेवणीवरून माणसाला चांगलें-वाईट ठरविणारें शहर : असा तो विषय. ज्या वर्षीं ती हें पुस्तक लिहीत होती, त्याच वर्षीं शाळेंत लेखन या विषयांत तिला अगदीं खालची श्रेणी मिळाली, असें तिनें पुढें हंसत सांगितलें आहे. (आमच्या विद्यार्थ्यांनीं यावरून निबंधाच्या गुणांविषयीं भलता निष्कर्ष काढूं नये.) 'दि आउटसायडर्स' १९६७ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाली तेव्हां लेखिकेचें वय अठरा होतें. मुलांच्या मारामारीचें पुस्तक मुलीनें लिहिलें आहे असें दिसल्यास टीकाकार तें गंभीरपणें घेणार नाहींत, म्हणून मुखपृष्ठावर तिच्या नांवाचीं केवळ आद्याक्षरें घालण्यांत आलीं. लॉइडची अट एका मुलीनें अशी निकालांत काढली. पुढें शिक्षकांनीं हें पुस्तक वर्गांत वाचावयास घेतलें, आणि तेव्हांपासून तें अमेरिकेंतील शाळांतून हललेलें नाहीं.

एवढ्या इतिहासावरून वाट पाहण्याचें महत्त्व लक्षांत येईल. आजकाल ही वाट केवढी लांब असूं शकते, याचें आम्हांस ठाऊक असलेलें उत्तम उदाहरण फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाचें. त्यांची 'नॉर्दर्न लाइट्स' ही कादंबरी १९९५ सालीं निघाली व तिला त्या वर्षाचें कार्नेगी पदक मिळालें. तिच्यांतील जगांत प्रत्येक माणसाचा जीव शरीराबाहेर, प्राण्याच्या रूपानें त्याच्यासमवेत वावरतो. मूल लहान असेपर्यंत हा प्राणी क्षणांत पाखरूं, क्षणांत उंदीर, क्षणांत मांजर असें रूप पालटतो. आणि मूल वयांत आलें म्हणजे तो कोणत्यातरी एकाच रूपांत कायमचा स्थिरावतो. आपण कोणत्या रूपांत स्थिरावणार, ही भीति आणि हें कुतूहल चौदाव्या वर्षीं कोणाला नसतें? किशोरवयाविषयीं लिहिलेलीं जाड जाड शास्त्रीय पुस्तकें जें सांगूं पाहतात, तें या एका कल्पनेंत मुलाला सहज दिसतें. या मालेंतील तिसऱ्या कादंबरीस २००१ सालचें व्हिटब्रेड पारितोषिक मिळालें. मुलांसाठीं लिहिलेल्या पुस्तकाला वर्षांतील सर्वोत्तम ग्रंथाचा हा मान त्यापूर्वीं मिळालेला नव्हता. लायरा या नायिकेची पुढची-मागची कथा सांगणारी दुसरी तीन पुस्तकांची माला नंतर आली, आणि तिचे तिन्ही भाग शरदांतच, गुरुवारींच निघाले : पहिला १९ ऑक्टोबर २०१७ रोजीं, दुसरा ३ ऑक्टोबर २०१९ रोजीं, आणि तिसरा, 'दि रोझ फील्ड', २३ ऑक्टोबर २०२५ रोजीं. दुसऱ्या भागांत लायरा वीस वर्षांची आहे आणि तिचा तो प्राणिरूप जीव तिच्यावर रुसून निघून गेला आहे; अशा अवस्थेंत वाचकांना सहा वर्षें ताटकळावें लागलें. १९९५ सालीं जो वाचक बारा वर्षांचा होता, तो शेवटचा भाग हातीं आला तेव्हां बेचाळीस वर्षांचा झाला होता, आणि कित्येकांनीं तो आपल्या मुलांसमवेत वाचला असेल.

याच ग्रंथकाराविषयीं पालकांच्या मनांत एक शंका येईल, ती टाळून पुढें जाणें बरें नव्हे. पुलमन यांच्या कथांत धर्मसंस्थेच्या सत्तेवर कठोर टीका आहे, आणि त्यामुळें अमेरिकेंतील कित्येक पालकांनीं तीं पुस्तकें ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी केली होती. इंग्लंडांत काय घडलें? तेव्हांचे कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनीं २००४ सालीं लंडनच्या नॅशनल थिएटरमध्यें ग्रंथकारासमोर बसून त्यांच्याशीं श्रोत्यांदेखत चर्चा केली, आणि धर्मशिक्षणाच्या तासाला हीं पुस्तकें अवश्य चर्चेस घ्यावींत असें मत दिलें. पुस्तक मान्य नसलें तरी तें वाचून त्याला उत्तर देणाऱ्या माणसाची श्रद्धा लेचीपेची नसते. आमच्या मतें पालकांपुढें हा धडा ठेवण्याजोगा आहे. ज्या पुस्तकाची शंका येते तें मुलाच्या हातून हिसकून घेण्याऐवजीं त्याच्याबरोबर वाचावें. दोन संध्याकाळीं खर्च होतील. पण नंतर जें बोलणें होईल, तें एरव्हीं या वयाच्या मुलाशीं होणें दुर्मिळ.

नवें पुस्तक येण्यापूर्वीं त्याचा बोभाटा कसा होतो, हेंहि वाचकांनीं समजून घ्यावें. हस्तलिखित प्रकाशकाच्या हातीं आल्यापासून पुस्तक दुकानांत येईपर्यंत बहुधा वर्ष-दीड वर्ष जातें. त्या अवधींत शेवटचीं मुद्रितें तपासलीं जाण्यापूर्वींच कांहीं प्रती समीक्षकांना, ग्रंथपालांना व पुस्तकविक्रेत्यांना धाडतात. मुखपृष्ठ कित्येक महिने आधीं दाखवितात, आणि लोकांकडून आगाऊ मागणी नोंदवून घेतात. ही आगाऊ मागणी पहिल्या आठवड्याच्या विक्रींत मोजली जात असल्यामुळें, पुस्तक निघतांच तें 'सर्वांत अधिक खपाच्या' यादींत जाऊन बसतें. त्या यादीचा अर्थ इतकाच कीं, तितक्या लोकांनीं पुस्तकाची वाट पाहिली. किती जणांनीं तें वाचलें व किती जणांनीं तिसऱ्या प्रकरणांत मिटून ठेवलें, हें यादी सांगत नाहीं. म्हणून ज्याला घाई नाहीं त्यानें दोन महिने थांबावें. नाताळ उलटला कीं गाजावाजा ओसरतो, आणि चांगलें पुस्तक एका मुलाकडून दुसऱ्याकडे तोंडोतोंडीं जाऊं लागतें.

ज्याला थांबवत नाहीं त्यानें निदान आंतल्या गाभ्याची परीक्षा करावी. १४ सप्टेंबर २००८ रोजीं निघालेल्या सुझन कॉलिन्स यांच्या 'दि हंगर गेम्स' या कादंबरीचें उदाहरण घेऊं. भविष्यांतील एका जुलमी राज्यांत दरवर्षीं बारा जिल्ह्यांतून एकेक मुलगा व एकेक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि त्या चोवीस जणांना परस्परांस ठार करावयास लावून तो देखावा साऱ्या देशाला दाखवितात. धाकट्या बहिणीचें नांव निघतें तेव्हां सोळा वर्षांची कॅटनिस तिच्या जागीं जाण्यास पुढें होते. दूरचित्रवाणीवर एकीकडे चढाओढीचा कार्यक्रम व दुसरीकडे युद्धाचीं दृश्यें पाहतां पाहतां हें कथानक आपणांस सुचलें, असें लेखिकेनें म्हटलें आहे. ग्रीक पुराणांतील थीसियसची कथा, जींत अथेन्सचीं मुलें बैलतोंड्या राक्षसाकडे पाठवावीं लागत, तीहि तिच्या मनांत होती. आमच्या वाचकांना थीसियसपर्यंत जाण्याची गरज नाहीं. एकचक्रा नगरी, बकासुराची पाळी व ब्राह्मणकुटुंबाच्या ऐवजीं गाडा घेऊन निघालेला भीम डोळ्यांपुढें आणला म्हणजे झालें. मात्र भीम राक्षसाला मारून येतो व स्वस्थ झोपतो. कॅटनिस जिंकून परत येते आणि तिला झोप लागत नाहीं. जिंकण्याची किंमत पुढल्या भागांतूनहि ती मोजीत राहते, आणि पुस्तकाचा कस नेमका येथें आहे. हिचें अनुकरण करणाऱ्या कित्येक कादंबऱ्यांनीं रक्तपात तेवढा उचलला आणि ही किंमत मात्र वगळली.

नव्या किशोर-कादंबरींत आम्ही हेंच पाहतों : नायकाच्या कृतीचें फळ त्याला भोगावें लागतें कीं लेखक त्याला अलगद उचलून बाहेर काढतो. त्याखालोखाल दुसरी खूण म्हणजे गोष्टींतले मोठे लोक. आईबाप व शिक्षक हे सारे एकजात मूर्ख किंवा दुष्ट दाखविले असतील, तर लेखक मुलांची खुशामत करीत आहे असें समजावें. हिंटनचें पुस्तक लिहितांना ती स्वतः शाळकरी होती, तरी पोनीबॉयचा कठोर वाटणारा थोरला भाऊ आंतून किती भ्यालेला आहे हें तिला दिसलें. दुकानांत उभें राहून पहिलीं दहा पानें वाचलीं तरी या दोन गोष्टींचा सुगावा लागतो. दुकानदार सहसा रागावत नाहीं, आणि रागावलाच तर दुसऱ्या दुकानांत जावें.

मराठीची स्थिति याहून थोडी विलक्षण आहे. बाबा पदमनजी यांचें 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघालें. त्याची नायिका तरुण आहे, पण तें मोठ्यांसाठीं लिहिलेलें होतें. मुलांसाठीं 'बालबोधमेवा' १८७३ त व 'आनंद' १९०६ त सुरू झालें. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर (१९१३) कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं दिव्याचें तेल जाळलें. साने गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत पांच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. ती १९३५ त प्रसिद्ध झाली. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या शाळेंत आला तो सायकलीसकट घरोघर पोंचला. परंतु फाफे सोडल्यावर व खांडेकर-फडके हातीं येण्यापूर्वीं, म्हणजे नेमक्या चौदा ते सतरा या वर्षांत, मराठी मुलगा काय वाचतो? मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीचा नायक नववींत आहे आणि काळ १९७५ नंतरच्या आणीबाणीचा आहे. ती प्रौढ वाचकांच्या फळीवर निघाली, आणि तेथून ती नववी-दहावीच्या मुलांनीं आपल्याकडे ओढून घेतली. अशीं पुस्तकें बोटांवर मोजण्याइतकीं आहेत. आपल्याकडे सणाच्या वाचनाची शंभरावर वर्षांची संवय आहे, शरद आहे, वाट पाहणारीं मुलेंहि आहेत. या तीन-चार वर्षांच्या वयासाठीं लिहिणारे लेखक मात्र थोडे. इंग्रजी शरदाची लाट आपल्या मुलांना ओढून नेते, यांत त्या लाटेचा दोष नाहीं.

विद्यार्थ्यांना यांत करण्याजोगें एक काम आहे, आणि तें अल्कॉटबाईंना पत्रें लिहिणाऱ्या मुलींनीं दाखवून ठेवलें आहे. आवडत्या मराठी लेखकाला पत्र लिहावें, आणि आपल्या वयाच्या मुलांविषयीं काय वाचावेंसें वाटतें तें स्पष्ट सांगावें. पत्ता शोधत बसण्याचें कारण नाहीं. नांवाच्या पानाच्या मागील बाजूस प्रकाशकाचा पत्ता छापलेला असतो, तेथें पाठविलेलें पत्र सहसा लेखकास मिळतें. अक्षर वळणदार असावें, इयत्ता जरूर लिहावी, आणि नायकाचें लग्न कोणाशीं करावें याविषयीं मात्र सूचना करूं नयेत.